बोलीभाषा, महानगरी लय आणि स्टुडिओ अल्बमची जडणघडण : 'द बीट फ्लीट' या क्रोएशियन रॅप-रॉक बँडच्या संदर्भात

गोषवारा

क्रोएशियातील स्प्लिट या बंदर-शहरात १९९० मध्ये स्थापन झालेल्या 'द बीट फ्लीट' (टीबीएफ) या बँडने १९९७ ते २०१५ या काळात सहा स्टुडिओ अल्बम प्रसिद्ध केले. युद्ध, राष्ट्रविभाजन आणि भाषाशुद्धीच्या आग्रहाच्या काळात या बँडने प्रमाणभाषेऐवजी प्रामुख्याने आपल्या शहराची बोली स्वीकारली. बोलीची ही निवड केवळ भावनिक होती की तिला ध्वनिशास्त्रीय व रचनात्मक आधारही होता, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्यासाठी रॅप-रॉक प्रकारातील अल्बम स्टुडिओमध्ये कसा घडतो, याचे टप्पे स्पष्ट करून त्यांचा बोलीच्या घटकांशी असलेला संबंध मांडला आहे.

बीजसंज्ञा : रॅप-रॉक, स्टुडिओ अल्बम, स्प्लिट, बोली व प्रमाणभाषा, भाषाशुद्धी.

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताकडे विद्यापीठीय अभ्यासात दीर्घकाळ दुय्यम दृष्टीने पाहिले गेले. लोकगीत आणि अभिजात संगीत यांना अभ्यासविषयाची प्रतिष्ठा लाभली. परंतु ध्वनिमुद्रिका, कॅसेट व कॉम्पॅक्ट डिस्क यांच्याद्वारे पसरलेले शहरी संगीत मात्र 'करमणूक' या एका शब्दात बंदिस्त झाले. वस्तुतः भाषा समाजात कशी वावरते, तिच्यातील कोणते रूप प्रतिष्ठित ठरते व कोणते ओशाळवाणे मानले जाते, हे पाहण्यासाठी या संगीताइतके बोलके साधन क्वचितच मिळेल. रॅप हा प्रकार तर मूलतः शब्दप्रधान आहे. त्यात स्वरांपेक्षा उच्चार, आघात आणि यमक यांना अधिक महत्त्व असते. त्यामुळे गायक कोणती भाषा निवडतो हा प्रश्न रॅपमध्ये आशयाइतकाच रचनेचाही प्रश्न बनतो.

या दृष्टीने स्प्लिट येथील 'द बीट फ्लीट' या बँडचे उदाहरण अभ्यासनीय आहे. साशा आंतिच व म्लादेन बादोविनात्स हे या बँडचे प्रमुख शब्दगायक होत. हिप-हॉप गट म्हणून सुरू झालेला हा प्रवास गिटार, की-बोर्ड व ड्रम यांच्या समावेशाने पुढे पूर्ण वाद्यवृंद असलेल्या रॅप-रॉक बँडपर्यंत पोहोचला. 'पिंग-पाँग' (१९९७), 'उस्क्लादिमो तोप्लोम्येरे' (२०००), 'मॅक्सन युनिव्हर्सल' (२००४), 'गालेरिया तुत्नप्लोक' (२००७), 'पिस्ताचो मेटॅलिक' (२०११) आणि 'दानास सुत्रा' (२०१५) हे त्यांचे सहा अल्बम होत. पहिल्या व सहाव्या अल्बममधील अंतर १८ वर्षांचे आहे; म्हणजे दोन अल्बमांमध्ये सरासरी साडेतीन वर्षांहून थोडा अधिक काळ गेला. अल्बम ही घाईने उरकण्याची वस्तू नाही, हे या एका आकड्यावरूनही ध्यानात येते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

क्रोएशियाने २५ जून १९९१ रोजी युगोस्लाव्हियापासून स्वातंत्र्य घोषित केले आणि त्यानंतर १९९५ पर्यंत हा देश युद्धात होरपळला. नोव्हेंबर १९९१ मध्ये स्प्लिट शहरावर युगोस्लाव्ह नौदलाने तोफांचा मारा केला. शहराचा विध्वंस अन्य काही शहरांइतका झाला नाही. तथापि निर्वासितांचा ओघ, बंद पडत चाललेले कारखाने, खासगीकरणातील गैरव्यवहार आणि तरुणांमध्ये पसरलेले हेरॉईनचे व्यसन यांनी युद्धोत्तर स्प्लिटला ग्रासले. १९९० मध्ये विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या पिढीने ज्या देशात शिक्षण घेतले तो देश नकाशावरून नाहीसा झाला आणि ज्या नव्या देशात ती प्रौढ झाली तेथे तिच्यासाठी रोजगार नव्हता. याच शहरातून १९९३ ते २००८ या काळात 'फेराल ट्रिब्यून' हे उपरोधिक साप्ताहिक प्रसिद्ध होत असे. सत्तेची खिल्ली उडविणे ही स्प्लिटची जुनी सवय आहे. बीट फ्लीटचा विनोद याच मातीतला आहे.

राष्ट्रविभाजनाचा संगीतव्यवसायावर झालेला परिणाम विशेष लक्षात घ्यावा लागेल. युगोस्लाव्हियाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ३५ लाख होती. १९९१ च्या जनगणनेनुसार क्रोएशियाची लोकसंख्या केवळ ४७ लाख ८४ हजार होती आणि २०२१ मध्ये ती ३८ लाख ७१ हजारांपर्यंत घसरली. झाग्रेब येथील 'युगोतोन' ही १९४७ मध्ये स्थापन झालेली मोठी ध्वनिमुद्रण संस्था नव्वदीच्या आरंभी 'क्रोएशिया रेकॉर्ड्स' झाली. नाव बदलले तसा बाजारही आकुंचन पावला. स्टुडिओचे भाडे, तंत्रज्ञांचे मानधन आणि वाद्यांचा खर्च मात्र लोकसंख्येच्या प्रमाणात कमी होत नाही. अशा स्थितीत एखाद्या बँडने संपूर्ण देशाला समजेल अशी प्रमाणभाषा स्वीकारणे हेच व्यवहाराला धरून झाले असते. बीट फ्लीटने मुख्यतः बोली निवडली. या निवडीचे महत्त्व या आर्थिक चौकटीत पाहिल्याशिवाय कळत नाही.

बोली, प्रमाणभाषा आणि शुद्धीचा आग्रह

क्रोएशियन भाषेच्या तीन प्रमुख बोली मानल्या जातात. 'काय' या प्रश्नार्थक सर्वनामासाठी त्या अनुक्रमे 'श्टो', 'चा' आणि 'काय्' हे शब्द वापरतात व त्यावरूनच त्यांना श्टोकाव्हियन, चाकाव्हियन व काय्काव्हियन अशी नावे पडली आहेत. प्रमाणभाषा श्टोकाव्हियनवर आधारलेली आहे. डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरील स्प्लिटची परंपरागत बोली मात्र चाकाव्हियन होय. ही बोली साहित्यदृष्ट्या दरिद्री नाही. स्प्लिटचेच सुपुत्र मार्को मारुलिच यांनी १५०१ मध्ये रचलेले व १५२१ मध्ये व्हेनिस येथे छापले गेलेले 'युदिता' हे महाकाव्य चाकाव्हियनमध्ये आहे आणि मारुलिच यांना क्रोएशियन साहित्याचे जनक म्हटले जाते. ज्या भाषेत राष्ट्राच्या वाङ्मयाचा आरंभ झाला ती पुढे 'प्रांतिक' ठरावी, हा इतिहासाचा विरोधाभास आहे.

१४२० ते १७९७ या काळात स्प्लिटवर व्हेनिसची सत्ता होती. त्यामुळे या बोलीत इटालियन वळणाचे असंख्य शब्द रुजले. टोमॅटोला प्रमाणभाषेत 'रायचित्सा' तर स्प्लिटमध्ये 'पोमिदोर', टॉवेलला 'रुच्निक' ऐवजी 'शुगामान', उशीला 'यास्तुक' ऐवजी 'कुशिन'. येथे एक गंमत नोंदविण्याजोगी आहे. 'कुशिन' हा शब्द परकीय म्हणून ओळखू येतो. परंतु ज्या 'यास्तुक'ला प्रमाण मानले जाते तो शब्दही मूळचा तुर्की आहे. शुद्धतेच्या कल्पना किती सोयीच्या असतात, हे यावरून दिसून येते.

नव्वदीच्या दशकात क्रोएशियन भाषा सर्बियनपासून वेगळी दाखविण्यासाठी शुद्धीची चळवळ जोरात होती. विमानासाठी 'आव्हियोन' ऐवजी 'झ्राकोप्लोव', हजारासाठी 'हिल्यादा' ऐवजी 'तिसुचा' अशा शब्दांचा आग्रह धरला गेला. या वातावरणात इटालियन शब्दांनी भरलेल्या, व्याकरणाच्या दृष्टीने 'अशुद्ध' अशा बंदरी बोलीत अल्बम करणे म्हणजे भाषेच्या मालकीविषयी एक भूमिका घेणे होते. ही बोली ना बेलग्रेडची होती ना झाग्रेबच्या भाषासमित्यांची. ती बोलणाऱ्यांची होती.

बोलीतील गाण्यांची परंपरा स्प्लिटमध्ये आधीपासून होती, हेही नमूद केले पाहिजे. १९६० पासून भरणारा स्प्लिट महोत्सव, ओलिव्हर द्रागोयेविच (१९४७-२०१८) यांचे गायन, मिल्येन्को स्मोये यांनी लिहिलेली 'नाशे मालो मिस्तो' ही दूरदर्शन मालिका आणि वाद्यांविना बहुस्वरात गायले जाणारे 'क्लापा' हे समूहगान यांनी बोलीला घराघरांत पोहोचविले होते. क्लापा गायनाचा २०१२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. तथापि गीतांमधील बोलीचे विषय बव्हंशी समुद्र, प्रेम, आई, गतकाळ असे ठरून गेले होते. बेकारी, व्यसन, नवश्रीमंतांचा थाट, टीव्हीवरील जाहिराती हे विषय बोलीला झेपतात काय, हा प्रश्न रॅपने उभा केला.

रॅप-रॉक : संज्ञा व उगम

हिप-हॉप संस्कृतीचा उगम न्यूयॉर्कमधील ब्रॉंक्स भागात १९७३ च्या सुमारास मानला जातो. रन-डीएमसी व एरोस्मिथ यांचे १९८६ मधील 'वॉक धिस वे' हे संयुक्त ध्वनिमुद्रण, पब्लिक एनिमी व अँथ्रॅक्स यांचा १९९१ मधील सहयोग आणि रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचा १९९२ मधील पहिला अल्बम या टप्प्यांतून रॅप-रॉक हा संमिश्र प्रकार स्थिरावला. लयबद्ध गद्याचा उच्चार रॅपकडून आणि विद्युत गिटार, बास व ड्रम यांचा संच रॉककडून, असे त्याचे स्वरूप आहे. या दोहोंचा संयोग वाटतो तितका सोपा नाही. रॅपला शब्द ऐकू यावे लागतात. रॉकचा आवाज नेमका शब्दांवरच चाल करून येतो. हा संघर्ष स्टुडिओमध्ये सोडवावा लागतो.

अल्बमनिर्मितीचे टप्पे

पहिला टप्पा आराखड्याचा होय. येथे गीताची गती निश्चित होते. मिनिटाला ९० ठोके ही रॅपमधील एक सर्वसामान्य गती धरल्यास चार ठोक्यांचे एक आवर्तन सुमारे २.७ सेकंदांत पूर्ण होते आणि १६ आवर्तनांचे कडवे सुमारे ४३ सेकंदांत संपते. प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर एका आवर्तनात १६ अक्षरे मावतात, म्हणजे सेकंदाला सहा. गायकाला श्वास याच अवधीत घ्यायचा असतो. एखाददुसरे अक्षर कमी होणे वा वाढणे ही गोष्ट त्यामुळे क्षुल्लक राहत नाही.

बोलीचा रचनात्मक लाभ येथेच स्पष्ट होतो. प्रमाणभाषेतील 'म्लियेको' (दूध) बोलीत 'म्लिको' होते, 'व्रियेमे' (काळ, हवामान) चे 'व्रिमे' आणि 'लियेपो' (सुंदर) चे 'लिपो'. 'रेकाओ' (तो म्हणाला) हे तीन अक्षरी रूप 'रेका' असे दोन अक्षरी होते. 'गोवोरिति' (बोलणे) मधील अंत्य स्वर गळून 'गोवोरित' उरते. प्रत्येक ठिकाणी एक अक्षर वाचते. शब्दाचा शेवट बदलल्याने यमकांचे नवे गटही तयार होतात. प्रमाणभाषेतील अंत्य 'म' बोलीत 'न' होतो. 'रादिम' (मी काम करतो) चे 'रादिन' होते. 'साम' (मी आहे) चे 'सान' झाले की ते रूप 'स्वप्न' वा 'झोप' या अर्थाच्या 'सान' या नामासारखे ऐकू येते. प्रमाणभाषेत जी कोटी संभवत नाही ती बोलीत सहज संभवते. म्हणजेच बोलीने केवळ 'स्थानिक रंग' दिला असे म्हणणे अपुरे ठरते. तिने छंदाची सामग्रीच पुरविली.

दुसरा टप्पा ध्वनिनमुने व प्रत्यक्ष वादन यांच्या मेळाचा. हिप-हॉपमध्ये जुन्या ध्वनिमुद्रिकांतील तुकडे उचलून त्यांची पुनरावृत्ती करण्याची पद्धत आहे. अमेरिकेत १९९१ मधील एका न्यायालयीन निर्णयानंतर अशा वापरासाठी परवानगी व मोबदला यांचे बंधन कडक झाले. प्रत्यक्ष वादकांचा संच असलेल्या बँडला अशा उसन्या तुकड्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. बीट फ्लीटमध्ये निक्शा मांदालिनिच (गिटार), ओग्न्येन पाव्लोविच (की-बोर्ड) व यान्को नोवोसेलिच (ड्रम) यांच्यासारखे वादक आल्यावर शब्दांच्या वळणाबरोबर वाद्यांना थांबणे, उसळणे, मागे सरणे शक्य झाले. यंत्राची लय अचूक असते. वादकाची लय ऐकणारी असते.

तिसरा टप्पा बहुपथ मुद्रणाचा. सामान्यतः प्रथम ड्रम मुद्रित केले जातात. वादकाच्या कानात ठरावीक गतीचा ठोका चालू असतो आणि संचाच्या निरनिराळ्या भागांसमोर स्वतंत्र मायक्रोफोन लावलेले असतात. त्यावर बास, मग गिटार व की-बोर्ड आणि अखेरीस आवाज चढविला जातो. रॅपच्या मुद्रणात ओळीतील शेवटचे शब्द दुसऱ्यांदा स्वतंत्रपणे म्हणून मूळ आवाजावर बसविण्याची प्रथा आहे. त्यामुळे यमक ठसठशीत होते. दोन गायक असल्यास ही दुहेरी छटा संवादाचे रूप घेते. एक बोलतो, दुसरा दुजोरा देतो किंवा टोमणा मारतो. स्प्लिटच्या समुद्रकाठच्या कॉफीगृहातील गप्पांची रीत अशा मांडणीत सहज उतरू शकते.

चौथा टप्पा मिश्रणाचा. मानवी उच्चारातील व्यंजनांची स्पष्टता बव्हंशी २ ते ४ किलोहर्ट्झ या पट्ट्यावर अवलंबून असते आणि विकृत केलेल्या विद्युत गिटारचा आवाजही याच पट्ट्यात दाटलेला असतो. दोन्ही एकाच वेळी पूर्ण जोराने वाजविल्यास शब्द बुडतात. म्हणून ध्वनितंत्रज्ञ गिटारच्या आवाजातून हा पट्टा थोडा कोरून काढतो, गिटार डाव्या-उजव्या बाजूंना सरकवून आवाजासाठी मध्यभाग मोकळा ठेवतो, किंवा कडव्यात गिटार मंद व ध्रुवपदात पूर्ण अशी रचना करतो. ज्या श्रोत्याला ही बोली परकी आहे त्याच्यासाठी हे काम दुप्पट महत्त्वाचे ठरते. अनोळखी शब्द अस्पष्टही असेल तर तो कायमचा हरवतो.

पाचवा टप्पा अनुक्रमाचा व अंतिम संस्करणाचा. दीर्घकाळ वाजणाऱ्या तबकड्या १९४८ मध्ये बाजारात आल्या तेव्हा एका बाजूला सुमारे २२ मिनिटे मावत. कॉम्पॅक्ट डिस्कने १९८२ पासून ही मर्यादा ७४ मिनिटांपर्यंत नेली. परंतु अल्बम म्हणजे मिनिटांची बेरीज नव्हे. कोणते गीत आधी, कोणते नंतर, विनोदी गीतानंतर गंभीर गीत किती विरामाने यावे, यातून ग्रंथाच्या प्रकरणांसारखा एक युक्तिवाद उभा राहतो. सुटे गीत आकाशवाणीवर गाजते. पिढीची साक्ष मात्र अल्बम देतो.

शीर्षकांची साक्ष

बीट फ्लीटच्या अल्बमांची शीर्षके पाहिली तरी त्यांची भाषादृष्टी लक्षात येते. 'पिंग-पाँग'चे उपशीर्षक 'निरोगी जिरची कला' अशा अर्थाचे आहे. 'कला' यासाठी वापरलेला 'उम्येत्नोस्त' हा शब्द प्रमाणभाषेतील आहे. 'जिर' म्हणजे फेरफटका, हा मात्र इटालियनमधून आलेला किनारी शब्द आहे. एकाच ओळीत पाठ्यपुस्तक आणि रस्ता शेजारी-शेजारी बसले आहेत.

'उस्क्लादिमो तोप्लोम्येरे' म्हणजे 'चला, तापमापके जुळवून घेऊ या'. मोहिमेपूर्वी सैनिक घड्याळे जुळवितात. येथे घड्याळाच्या जागी ताप मोजण्याचे साधन आले आहे. शिवाय 'तोप्लोम्येर' हा 'तेर्मोमेतार' या आंतरराष्ट्रीय शब्दाऐवजी देशी धातूंपासून घडविलेला, शुद्धिवाद्यांना प्रिय असा शब्द आहे. डिसेंबर १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रान्यो तुज्मान यांचे निधन झाले आणि जानेवारी २००० मधील निवडणुकीत विरोधी आघाडी सत्तेवर आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अल्बमचे हे शीर्षक आजारी समाजाला आपापला ताप एकदा तपासून पाहण्याचे आमंत्रण म्हणून वाचता येते. 'मॅक्सन युनिव्हर्सल' हे नाव एखाद्या कंपनीसारखे वाटते, तर 'पिस्ताचो मेटॅलिक' मोटारीच्या रंगछटेसारखे. बाजाराची भाषाही या बँडला वर्ज्य नाही. तो ती उचलतो आणि उलटी करून दाखवितो. 'दानास सुत्रा' म्हणजे 'आज-उद्या'. आश्वासने देणाऱ्या आणि ती पुढे ढकलणाऱ्या समाजाला हे दोन शब्द पुरेसे आहेत.

मर्यादा

बोलीचा गौरव करताना तिचे उदात्तीकरण होण्याचा धोका असतो. आजच्या स्प्लिटची बोली मारुलिच यांची चाकाव्हियन नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या औद्योगिकीकरणात डोंगराळ अंतर्भागातून आलेल्या लोकांमुळे ती श्टोकाव्हियनशी मिसळली आणि आजचा स्प्लिटकर 'चा'पेक्षा 'श्ता' हा शब्दच अधिक वापरतो. त्यामुळे बीट फ्लीटची भाषा हे जुन्या बोलीचे संग्रहालय मानणे चूक ठरेल. ती एका विशिष्ट पिढीच्या शहराची भाषा आहे व तिचे मोल त्यातच आहे. दुसरी मर्यादा अनुवादाची. यमक आणि श्लेष बोलीच्या ध्वनीत अडकलेले असल्याने या गीतांचा आशय अन्य भाषेत सांगता येतो, त्यांची लय मात्र सांगता येत नाही. तरीही ही गाणी स्लोव्हेनिया, बॉस्निया आणि सर्बियातही ऐकली गेली. सीमा आखल्या गेल्या, पण ऐकण्याची सवय सीमांनी पूर्णपणे मोडली नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. रॅप-रॉक अल्बममध्ये भाषेची निवड ही सजावट नसून रचनेचा पाया असतो; अक्षरसंख्या, यमक आणि आघात या तीनही बाबतींत स्प्लिटच्या बोलीने प्रमाणभाषेपेक्षा वेगळ्या शक्यता खुल्या केल्या. स्टुडिओतील तांत्रिक निर्णय, विशेषतः आवाज व गिटार यांच्यातील तडजोड, हे अखेरीस भाषिक निर्णयच असतात, कारण शब्द ऐकू येईल की नाही हे तेथे ठरते. तसेच शुद्धीच्या आग्रहाच्या काळात बोलीत केलेली निर्मिती कोणतीही घोषणा न देता भाषेवरील जनसामान्यांचा हक्क सांगू शकते.

२०२१ च्या जनगणनेनुसार स्प्लिटची लोकसंख्या सुमारे १ लाख ६० हजार आहे. एवढ्याशा शहराच्या बोलीत झालेले सहा अल्बम दूरवर ऐकले गेले. भाषा टिकते ती बोलणाऱ्यांच्या संख्येवर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या उदाहरणात मात्र असे आढळते की, भाषा टिकण्यासाठी तिच्यात आजचे दुःख आणि आजची थट्टा सांगता येणेही तितकेच आवश्यक असते. बोलीचा अभ्यास शब्दसंग्रह व म्हणींपुरता मर्यादित न ठेवता तिच्यात आज काय निर्माण होत आहे याकडेही भाषा-अभ्यासकांनी लक्ष द्यावे, ही अपेक्षा या विवेचनातून पुढे येते.